यादोभाऊंचं भेव

यादोभाऊ सकाळी गाडीला हात लावत, तो उलटा. तळवा स्वतःकडे आणि बोटांची पाठ पत्र्याकडे. बोटांची पाठ दारावर हलकेच टेकवायची, लगेच काढून घ्यायची, थोडं थांबून पुन्हा टेकवायची आणि मगच दाराची कडी धरायची. गाडी रात्रभर संस्थेच्या आवारात नुसती उभी असली, तिला कुठलीच तार जोडलेली नसली, तरी यात खंड पडत नसे. माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, की हा काय नमस्काराचा प्रकार आहे का.

"नमस्कार नोहे साहेब," ते म्हणाले. "तळहातानं धरलं अन् करंट असला, त मूठ आवरून जाते. मंग तुमी सोडतो म्हनलं तरी हात सोडत नाही. मांगून लागलं त हात झटकून आपलाच आपल्याकडं येते."

"आणि करंट नसला तर?"

"नसला त चांगलंच आहे ना. त्याचं मी काऊन वाईट मानू?"

ही गाडी म्हणजे आमचा फिरता दवाखाना. बसएवढी लांब. आत दाताची खुर्ची, डोळे तपासायचं यंत्र, रक्त तपासायचा कोपरा आणि लशींचा फ्रीज. मी शिबिरांचा समन्वयक होतो. कुठल्या दिवशी कुठलं गाव, सरपंचांना फोन, लोकांच्या बसण्याची सोय, पेशंटच्या नोंदी, हे सगळं माझ्याकडे. यादोराव गजभिये गाडीचे ड्रायव्हर आणि तिच्या विजेचे राखणदार. मूळचे सौंदडचे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, बुटके, केस बारीक कापलेले आणि मान नेहमी थोडी तिरकी, जणू दुसऱ्या कुणाला ऐकू न येणारं काही ते ऐकत आहेत.

ते भित्रे होते. हे मी नाव ठेवण्यासाठी लिहीत नाही, ते स्वतःच सांगत. वीस वर्षं विजेच्या कंत्राटदाराकडे खांबांवर चढून काढलेला हा माणूस नव्या सिस्टरशी ओळख करून देताना म्हणायचा, "मी यादोराव. गाडी चालवतो. करंटले भेतो." सिस्टर हसल्या की ते हसत नसत.

गाडीला वीज तीन वाटांनी मिळे. गावात पोचल्यावर शाळेतून किंवा ग्रामपंचायतीतून जाड केबल ओढून घ्यायची, ती गावची लाइन. लाइन नसली तर मागच्या पेटीतला डिझेलचा जनरेटर. आणि टपावर सोलरच्या पाट्या, खाली बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर. त्यावर दिवे आणि फ्रीज चालत, जड यंत्रं चालत नसत. या तिन्हींचे तीन स्विच ड्रायव्हरच्या पाठीमागे एका लोखंडी कपाटात होते, पण ते फिरवायची दांडी एकच होती. ती यादोभाऊंनी गोंदियातल्या एका वर्कशॉपमध्ये बसून स्वतः करून घेतली होती. एक स्विच शून्यावर आणल्याशिवाय ती दुसऱ्या स्विचमध्ये शिरतच नसे. म्हणजे पहिली वाट पूर्ण बंद झाल्याशिवाय दुसरी उघडताच येत नसे. ही दांडी कायम त्यांच्या कमरेला सुतळीनं बांधलेली असायची. जेवताना, झोपताना, एकदा तर पुतणीच्या लग्नातही मी ती त्यांच्या कमरेला पाहिली आहे.

"दोन करंट एका तारेत भेटले त लगन नाही लागत साहेब," ते म्हणायचे. "मयत होते."

एका वाटेवरून दुसरीवर जाताना ते शून्यावर थांबत आणि मनात दहापर्यंत मोजत. तेवढा वेळ गाडीत अंधार, पंखे बंद. आमचे दातांचे डॉक्टर गोंदिया शहरातले, हिंदीत बोलणारे, स्वभावानं घाईचे. एकदा एका बाईची दाढ अर्धी कोरून झाली आणि लाइन गेली. यादोभाऊ शून्यावर थांबले. डॉक्टर ओरडले नाहीत, पण टोमणा मारलाच, "यादोराव, आपकी तो डरते डरते उमर कट गई." यादोभाऊंनी आपलं मोजणं संपवलं, दांडी फिरवली आणि मग शांतपणे म्हणाले, "त्या बाईच्या तोंडात लोखंड आहे डॉक्टरसाहेब. घाई तुमची अन् जीव तिचा, असं कसं जमंल?" त्या बाईनं खुर्चीवरूनच मान हलवून त्यांना दुजोरा दिला. आम्ही सगळे हसलो. मीही हसलो, पण डॉक्टरांच्या बाजूनं.

मला त्यांची थोडी लाज वाटायची, हे इथं लिहून टाकतो. सरपंचांसमोर, अधिकाऱ्यांसमोर ते जमिनीवर उकिडवे बसून केबल बोट-बोट तपासत, शाळेच्या बोर्डाला अर्थिंग नाही म्हणून सगळं शिबिर अर्धा तास थांबवत, आणि लोक माझ्याकडे पाहत. मी म्हणायचो, "होईल, होईल, आमचे यादोभाऊ जरा जपून असतात." त्या 'जरा'मध्ये माझी चेष्टा असायची, आणि ती त्यांना कळायची.

त्यांची आणखी एक रीत होती. गावात वादळवाऱ्यानं लाइन गेलेली असली की ते आधी लाइनमनला शोधत. चहाच्या टपरीवर, डीपीपाशी, शेताच्या बांधावर, कुठंही. त्याला सांगत, की आमच्या गाडीत जनरेटर आहे, सोलर आहे, पण त्यातला करंट तुझ्या तारेत येणार नाही, मी आहे. लाइनमन बहुतेक वेळा मान डोलावून पुढं जात. एकदा कोहमाऱ्याच्या ढाब्यावर जेवताना मी त्यांना विचारलं, की हे कशाला करता, तुमचं ते काम नाही. ते बराच वेळ डाळीत पोळी कुस्करत राहिले.

मग त्यांनी सांगितलं. कंत्राटदाराकडे असताना त्यांचा एक जोडीदार होता. दोघं एका राईस मिलच्या मागं तार जोडत होते. जोडीदार वर, हे खाली शिडी धरून. लाइन बंद होती. मिलवाल्याचं धान अडकलं म्हणून त्यानं जनरेटर सुरू केला आणि लाइनचा स्विच तसाच चालू ठेवला. जनरेटरचा करंट उलटा तारेत आला.

"तो वरून माह्याकडं पाहून राहिला होता," यादोभाऊ म्हणाले. "मले वाटलं हासून राहिला. दात दिसत होते ना. मी बी खालून हासलो, साहेब."

त्यानंतर त्यांनी हात धुतले. त्यांच्या भीतीची चेष्टा मी त्या दिवसापासून थांबवली असती, तर आज हे लिहावं लागलं नसतं.

त्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी आमचं शिबिर बोदलकशाच्या अलीकडच्या एका गावात होतं. गावाचं नाव लिहीत नाही. आदल्या संध्याकाळी वादळ झालं होतं, मोहाची मोठी फांदी पडून शाळेकडे येणारी तार तुटली होती. आम्ही पोचलो तेव्हा गावात लाइन नव्हती. शाळेच्या खोलीत साठ-सत्तर बायका आणि म्हातारी माणसं बसलेली, वर पंखे थांबलेले. पत्र्याचं छप्पर, आणि बाहेर अशी उष्णता की जवळच्या तलावावरून येणारा वाराही भट्टीतून आल्यासारखा लागत होता.

लाइनमन आला होता. कुंभरे नावाचा, पस्तिशीचा, जवळच्याच गावचा, थोडी शेती असलेला. त्यानं डीपीवरचे फ्यूज काढून खिशात टाकले होते. तुटलेल्या तारांवर टाकायची साखळी मात्र त्याच्याकडे नव्हती, ती दुसऱ्या गावाला गेलेल्या माणसांबरोबर होती. ही साखळी तारांवर टाकून जमिनीला जोडली, की चुकून करंट आला तरी तो जमिनीत जातो आणि माणूस वाचतो. यादोभाऊ त्याला म्हणाले, की साखळी येऊ दे, मंग चढ. कुंभरे म्हणाला, की आणखी तीन गावं राहिली आहेत, आणि फ्यूज तर माझ्याच खिशात आहेत, आता करंट येणार कुठून? गावात करंट देईल असं दुसरं काही होतं ते फक्त आमच्या गाडीत.

यादोभाऊ गाडीपर्यंत चालत आले. त्यांनी कमरेची सुतळी सोडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, दांडी दुसऱ्याच्या हातात द्यायला.

"साहेब, मी त्याच्या खांबापाशी उभा राहतो. त्याले मी जबान देल्ली. बॅटरी उतरून राहिली, ऊन आहे, पन पाट्यांवर धूळ बसली. फ्रीज बंद पडंल असं वाटलं, त जनरेटरवर घ्या. सोलर शून्यावर, दहा मोजा, मंग जनरेटर. बस. फ्रीजपुरतं. दुसऱ्या कोठीच हात नोका लावू."

मी दांडी घेतली आणि म्हटलं, "मी लहान आहे का यादोभाऊ?"

ते गेले. खांब शाळेपासून दोन शेतं पलीकडे होता, झाडांच्या आड. दिसत नव्हता.

थोड्या वेळानं शाळेच्या खोलीत एक म्हातारी चक्कर येऊन पडली. सिस्टरनं तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि मला म्हणाल्या, की काहीतरी करा, इथं हवाच नाही. सरपंच शेजारी उभे होते. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या गाडीत एसी लावाएवढी लाइट आहे साहेब, अन् आमच्या बायांले एक पंखा नाही?" बायका माझ्याकडे पाहत होत्या. शाळेच्या कपाटात लग्नाच्या मांडवासाठी ठेवलेली एक वायर होती. दोन्ही टोकांना पिना असलेली. एक टोक जनरेटरच्या सॉकेटमध्ये, दुसरं टोक भिंतीवरच्या बोर्डात खुपसलं, की त्या भिंतीपलीकडचं सगळं चालू. गावोगाव लग्नांत हे चालतं. सरपंचांनी ती आणून माझ्या हातात दिली.

मला माहीत होतं की आधी शाळेचा मेन स्विच पाडला पाहिजे. मला हे पुरतं माहीत होतं. मी त्या स्विचकडे पाहिलंसुद्धा. तो व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, उंचावर, गांधीलमाशांच्या पोळ्याच्या शेजारी होता. आणि मी मनात म्हटलं, लाइन तर गेलेलीच आहे. गेलेली लाइन आणखी बंद काय करायची?

मी गाडीत जाऊन सोलर शून्यावर आणलं. दहा मोजले नाहीत. जनरेटर चालू केला. गाडीच्या बाहेरच्या सॉकेटमध्ये वायरचं एक टोक लावलं आणि दुसरं शाळेच्या बोर्डात.

पंखे फिरले. बायकांनी 'हां' असा एकच सुस्कारा सोडला, कुणीतरी टाळी वाजवली. सरपंचांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या क्षणी मला जे वाटलं त्याचं नाव अभिमान होतं, दुसरं काही नाही.

मग जनरेटरचा आवाज दबला. जड ओझं उचलताना माणसाचा श्वास अडतो तसा. सात-आठ सेकंद. मग पुन्हा मोकळा झाला. तो आवाज मी आजही ऐकतो. घरी मिक्सर सुरू असताना दिवा थोडा मंद झाला, तरी मी जागच्या जागी थिजतो आणि कुणीतरी ओरडण्याची वाट पाहतो.

झाडांच्या पलीकडून आरोळी आली.

आता जे लिहितो ते मी कित्येक वर्षं बायकोलाही सांगितलं नव्हतं. आरोळी ऐकताच काय झालं ते मला पूर्ण कळलं. आणि मी खांबाकडे धावलो नाही. आधी मी भिंतीतली पिन उपटली, गाडीतली उपटली, वायरची वेटोळी करून शर्टाखाली घेतली, शाळेमागच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, फेकली आणि पाण्यावरची शेवटची वर्तुळं जाईपर्यंत उभा राहिलो. त्यानंतर धावलो.

कुंभरे खाली पडलेला होता, यादोभाऊंच्या अंगावर. नंतर कळलं, की त्याची मूठ तारेवर आवरली होती. यादोभाऊंनी कुंपणाचा वाळका बांबू उपसून त्याच्या मनगटावर मारला, दोनदा, तेव्हा ती सुटली, आणि तो पडताना यादोभाऊ त्याच्याखाली उभे राहिले. त्यांचा खांदा मोडला. कुंभऱ्याचा श्वास चालू होता. उजव्या हाताचा रंग मला सांगता येणार नाही. आमच्याच गाडीतून त्याला नेलं. गाडी मी चालवली, सिस्टर मागं त्याच्या छातीवर हात ठेवून बसल्या. यादोभाऊ पूर्ण रस्ताभर एकच म्हणत होते, "बोलत राहा रे बापू. बोलत राहा." कुंभरे जगला. उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात यादोभाऊंच्या खाटेशी गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. ते छताकडे पाहत होते. मी बसल्यावर त्यांनी आवाज न चढवता विचारलं, "वायर कोठी आहे?"

"बोडीत," मी म्हणालो.

वॉर्डात भांडी वाजत होती.

"साखळी नसताना मी त्याले चढू देल्लं," ते अखेर म्हणाले. "जबान माही होती. दांडी मीच तुमच्या हातात देल्ली. मले विचारतील, त मी सांगीन वायर मीच लावून आलो होतो अन् मेन पाडाचा इसरलो. तुमी फ्रीजसाठी जनरेटर चालू केला, बस. तुमी उगाच मधात नोका येऊ. तुमच्या पोरीचं बारावीचं वर्ष आहे."

मी 'नाही' म्हटलं नाही. मी म्हटलं, "यादोभाऊ, आराम करा."

चौकशीत तसंच लिहिलं गेलं. सरपंच गप्प राहिले, कारण वायर त्यांनी आणून दिली होती. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, की यादोभाऊंनी फ्रीजसाठी जनरेटर चालू करायला सांगितलं होतं, आणि मी जनरेटर चालू केला. या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि म्हणूनच ते मला इतक्या सहज म्हणता आलं. यादोभाऊंची नोकरी गेली. ते सौंदडला परतले. निरोपाला आले तेव्हा त्यांनी कपाटातले तिन्ही स्विच शून्यावर आहेत का ते पाहिलं आणि नव्या माणसाला दांडी कशी बांधायची ते दाखवलं.

त्यानंतरची सात वर्षं मी ज्या माणसानं मला वाचवलं, त्याच माणसाला भ्यालो. दोन-तीन महिन्यांतून त्यांचा फोन यायचा. मोबाइलवर त्यांचं नाव उमटलं की मला वाटायचं, आज ते म्हणणार, साहेब, आता सांगून टाका. ते कधीच तसं म्हणाले नाहीत. ते विचारायचे, की नवा माणूस दहा मोजते का, बॅटरीत पाणी घालते का, पोरगी काय शिकून राहिली. मी साहेबी आवाजात उत्तरं द्यायचो, लवकर फोन ठेवायचो. शेवटचे दोन फोन मी घेतलेच नाहीत.

ते गेल्याचं मला संस्थेतल्या कुणीतरी सांगितलं. शेताच्या बांधावर बसल्या बसल्या गेले. ऐकल्याबरोबर मला जे पहिलं वाटलं ते दुःख नव्हतं. मला हायसं वाटलं. आता कुणाला कधीच कळणार नाही, हा विचार दुःखाच्या आधी आला. मी स्वतःला तेव्हा पाहिलं, आणि त्या माणसाची मला खांबावरच्या तारेपेक्षा जास्त भीती वाटली.

पुण्यानुमोदनाला सौंदडला गेलो. अंगणात मांडव, बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी यादोभाऊंचा फोटो. माझ्यासाठी खुर्ची आणली गेली. त्यांच्या पत्नी शेवंताबाई पाणी घेऊन आल्या आणि शेजारच्या माणसांना सांगू लागल्या, "हे साहेब. त्यायच्या हातून एवढं झालं, तरी या साहेबायनं कधी वाकडा शब्द नाही बोलला."

ज्यांना त्या हे सांगत होत्या, त्यांत कुंभरे होता. उजवा हात रुमालाखाली. त्यानं मला ओळखलं आणि डाव्या हातानं नमस्कार केला.

शेवंताबाईंचं बोलणं थांबत नव्हतं. दर पावसाळ्यात रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की त्या कुंभऱ्याच्या बांधीत, त्याच्या भातशेतात, जायच्या. त्याला त्या हातानं रोपं धरता येत नसत, म्हणून त्याच्या वाटचा रोवणा त्या करून द्यायच्या. कुंभऱ्याच्या बायकोनं पहिल्या वर्षी त्यांना बांधावरून परत पाठवलं होतं. दुसऱ्या वर्षी बोलली नाही. तिसऱ्या वर्षी भाकर दिली. आणि यादोभाऊ? सौंदडात त्यांना नंतर कुणी साधा फ्यूज घालायलाही बोलावलं नाही. ज्याच्या विसरण्यानं माणूस खांबावरून पडला, त्याच्या हातात पक्कड कोण देणार? ते पोरांच्या सायकली दुरुस्त करत.

"मी बी त्यायले लय बोलली," शेवंताबाई म्हणाल्या. "रोज बोलली. इतके भेणारे तुमी, अन् त्याच दिवशी कसे इसरले? ते काही म्हनत नव्हते. गपचूप जेवत."

उठून निघून जाता आलं असतं, गोंदियाची गाडी तासाभरात होती. कुणी अडवलं नसतं, उलट दारापर्यंत सोडायला आले असते. मी बसलेल्या जागेवरून म्हणालो, "वहिनी, ते विसरले नव्हते. वायर मी लावली होती. मेन मी पाडला नाही. ते खांबापाशी होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं."

आवाज मोठा नव्हता, पण मांडवातलं बोलणं थांबलं. मी उरलेलं सांगितलं. बोडी, दवाखाना, चौकशी. कुंभऱ्याकडे पाहण्याचं धाडस शेवटपर्यंत झालं नाही. बोललं त्यानंच आधी.

"त्यानं मले खोटं काऊन सांगतलं मंग?" त्यानं विचारलं. माझ्याकडे नाही, फोटोकडे पाहून. "मी त्याच्या दारात येऊन त्याच्या मायवर शिव्या देल्ल्या होत्या. तो हात जोडून उभा होता."

मी म्हणालो, की माझ्यामुळे. माझ्या मुलीमुळे.

"पोरी मले बी आहेत," कुंभरे म्हणाला. मग त्यानं रुमाल बाजूला करून तो हात मांडीवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा, आणि म्हणाला, "हे तुमी मले सांगतलं. गावाले सांगा. माइक आहे."

माइक होता, मृताबद्दल चार शब्द बोलणाऱ्यांसाठी. मी उठून माइकपाशी गेलो. मी सांगितलं, की यादोराव गजभिये आयुष्यात एकदाही मेन पाडायला विसरले नाहीत. हे वाक्य मी दोनदा म्हणालो. मग वायर कुणी लावली ते नाव, पद आणि गावासकट सांगितलं. कुणी ओरडलं नाही. मागच्या रांगेतला एक म्हातारा तेवढा उठला आणि शेजारच्याला म्हणाला, "पाहा, अन् आपून त्याले एक बल्ब नाही लावू देल्ला." संस्थेकडे आणि चौकशी करणाऱ्या कचेरीकडे मी नंतर लेखी दिलं आहे. त्याचं जे होईल ते होईल.

मी माइकपासून परतलो तेव्हा शेवंताबाई फोटोसमोर जमिनीवर बसल्या होत्या. रडत नव्हत्या. मी त्यांच्याजवळ वाकलो, काहीतरी म्हणणार होतो, माफीचंच काहीतरी. त्यांनी मान वर न करता हात आडवा केला.

"आता तुमी घरी जा, साहेब," त्या म्हणाल्या. "सात वर्सं मी या मानसाले बोलली. आज मले त्यायच्यासंग बोलाचं आहे."

मी चपला घातल्या. मांडवातून फाटकापर्यंत लोकांनी वाट करून दिली, आणि कुणाचाही धक्का मला लागला नाही.